घटक ७ : घर, नगररचना आणि महानगरपालिकेची निवडणूक – सोलापूर शहराच्या आधारे

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास महानगरपालिकेच्या निवडणुकीत घरबांधणी व नगररचना यांविषयी दिल्या जाणाऱ्या आश्वासनांचा कायदेशीर आधार सांगता येईल. विकास आराखडा, आरक्षण, हद्दवाढ आणि गुंठेवारी या संज्ञांचा अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करता येईल. आणि एखाद्या जाहीरनाम्यातील वाक्यांची भाषिक तपासणी करून त्यातील कोणते आश्वासन महानगरपालिकेच्या हातातले आहे हे ओळखता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वृत्तपत्रीय लेखनाचा विचार केला. या घटकात आपण जाहीरनामा या लेखनप्रकाराकडे वळणार आहोत. जाहीरनामा हा प्रचाराचा मजकूर असतो, म्हणून भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे दुर्लक्ष करावे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. आश्वासन देणे ही भाषेने केलेली कृती आहे. आणि ज्याला आश्वासन दिले जाते त्याचे घरच पणाला लागलेले असेल, तर त्या वाक्यातील प्रत्येक प्रत्यय महत्त्वाचा ठरतो.

उदाहरणासाठी सोलापूर शहर घेतले आहे. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली आणि १ मे १९६४ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. १९३० साली याच नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकला होता, हे आपणास ठाऊक असेल. स्थानिक स्वराज्य संस्थेचा इतका जुना अनुभव असलेल्या शहरातही घराचा प्रश्न निवडणुकीतून सुटला असे म्हणता येत नाही. तो का सुटला नाही, हे समजून घेताना लोकसंख्येचे आकडे प्रथम पाहू. जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये ८,७२,४७८ होती. २०११ मध्ये ती ९,५१,५५८ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ सुमारे नऊ टक्क्यांची. पुण्या-मुंबईच्या परिसरातील शहरांप्रमाणे येथे माणसांचा लोंढा आलेला नाही. तेव्हा घरांची टंचाई ही केवळ गर्दीमुळे निर्माण झाली, हे सोपे उत्तर सोलापूरला लागू पडत नाही. येथील प्रश्न मजुरीचा आहे, जमिनीच्या कागदाचा आहे आणि पाणी व ड्रेनेज कोठवर पोचले याचा आहे.

७.२ अधिकार कोणाचे?

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२, अंमल १ जून १९९३ पासून) नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अशा संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय दिले आहेत. त्यांतील पहिला विषय नगररचनेसह नागरी नियोजनाचा आणि दुसरा जमीनवापराचे व इमारतींच्या बांधकामाचे नियमन हा आहे. झोपडपट्टी सुधारणाही त्याच यादीत आहे. ‘सोपवता येतील’ हे क्रियापद येथे लक्षात ठेवावे. घटनेने हे विषय महानगरपालिकांना थेट दिलेले नाहीत. ते देणे राज्य विधिमंडळावर सोडले आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये महानगरपालिकेची कर्तव्ये दोन प्रकारची मानली आहेत. कलम ६३ मधील कर्तव्ये बंधनकारक आहेत, तर कलम ६६ मधील कर्तव्ये स्वेच्छाधीन, म्हणजे निधी व इच्छा असेल तर पार पाडावयाची. पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते हे पहिल्या प्रकारात येते. गरीब व श्रमिक वर्गासाठी राहण्याजोगी घरे बांधणे हे दुसऱ्या प्रकारात येते. निवडणुकीच्या सभेत घराचे आश्वासन सर्वांत मोठ्या आवाजात दिले जाते. कायद्यात मात्र त्याला ऐच्छिकाचा दर्जा आहे. ही विसंगती मतदाराला सहसा कोणी सांगत नाही.

७.३ विकास आराखडा आणि ‘आरक्षण’

नगररचनेचा मुख्य दस्तऐवज म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार महानगरपालिका ही आपल्या हद्दीपुरती नियोजन प्राधिकरण असते. ती जमीनवापराचे सर्वेक्षण करते, प्रारूप आराखडा प्रसिद्ध करते आणि ३० दिवसांत नागरिकांकडून हरकती व सूचना मागवते. या हरकती ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले सदस्य असतात. शेवटची मंजुरी मात्र राज्य शासनाची. आराखडा वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा, असे कायदा सांगतो. याचा अर्थ असा, की नगरसेवकाच्या पाच वर्षांच्या चार मुदती एका आराखड्याच्या आयुष्यात मावतात. आज निवडून येणारा उमेदवार बहुधा दुसऱ्यांनी आखलेल्या नकाशावर काम करतो, आणि त्याने आखलेल्या नकाशाची फळे तिसराच कोणी भोगतो.

‘आरक्षण’ हा शब्द येथे जपून वाचावा. निवडणुकीच्या बातमीत त्याचा अर्थ जागांचे आरक्षण असा असतो: महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग. आराखड्यात त्याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. शाळा, उद्यान, दवाखाना, भाजी मंडई किंवा गरिबांची घरे यांसाठी राखून ठेवलेली जमीन म्हणजे आरक्षण. अशी जमीन नकाशावर रंगवली म्हणून ती महानगरपालिकेची होत नाही. ती संपादन करावी लागते. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर कलम १२७ नुसार जमीनमालक नोटीस देऊ शकतो. आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत महानगरपालिकेने पाऊल उचलले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे गळून पडते. अंदाजपत्रकात भूसंपादनाची तरतूद न ठेवणे, एवढ्या साध्या निष्क्रियतेनेही एखाद्या वस्तीचे उद्यान वा घरांसाठीचा भूखंड कायमचा जाऊ शकतो. त्यासाठी कोणाला सभागृहात विरोधी मत द्यावे लागत नाही. नगरराजकारणातील कित्येक मोठे निर्णय असे काही न करण्यातून होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

७.४ हद्दवाढ आणि गुंठेवारी

१९९२ साली सोलापूर महानगरपालिकेची हद्द वाढवण्यात आली. बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, देगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी ही आणि आसपासची गावे शहरात आली आणि शहराचे क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. तीन दशकांनंतरही सोलापुरात या भागाला ‘हद्दवाढ भाग’ असेच म्हणतात. एखाद्या वस्तीला तिच्या प्रशासकीय घटनेचे नाव चिकटून राहावे आणि पिढी बदलली तरी ते सुटू नये, यात बोलीने नोंदवलेली एक तक्रार आहे. हद्द वाढली, पण नळ, गटार आणि रस्ता त्याच वेगाने वाढले नाहीत. उजनी धरणाचे पाणी शहरात येते, तरी नळाला ते रोज येत नाही. पाणी काही दिवसांआड येते तेव्हा घरात साठवण्याची टाकी, पिंपे, घागरी यांना जागा लागते. एका खोलीच्या घरात ही जागा माणसांच्या वाट्यातून वजा होते. घराचे क्षेत्रफळ मोजताना आपण हे मोजत नाही.

याच भागात गुंठेवारी वाढली. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे मंजूर रेखांकन न करता, बिगरशेती परवानगी न घेता गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकणे म्हणजे गुंठेवारी. असे तुकडे कोण घेतो? ज्याला मंजूर रेखांकनातील भूखंड परवडत नाही, तो. शहरातील कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्यानंतर यंत्रमाग, विडी, हातगाडी, रिक्षा, बांधकामावरची मजुरी यांवर जगणारी कुटुंबे अधिकृत बाजारात घर घेऊ शकत नव्हती. त्यांनी सोने मोडले, भिशीचे पैसे उचलले आणि एक वा अर्धा गुंठा घेतला. विक्रेत्याने शिक्क्याचा कागद दिला, शेजाऱ्याने साक्ष केली, भिंती उभ्या राहिल्या. पुढे महानगरपालिकेने मिळकत कर लावला आणि कुटुंबाला वाटले की आता घर पक्के झाले. तसे होत नाही. कराची पावती हा कर भरल्याचा पुरावा आहे. मालकीचा किंवा बांधकाम परवानगीचा नव्हे.

या घरांना कायद्यात आणण्यासाठी २००१ साली महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमितीकरण, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम झाला. मूळ कायद्यात १ जानेवारी २००१ पूर्वीच्या गुंठेवारीचा विचार होता. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. नियमितीकरणासाठी प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरावे लागते. म्हणजे ज्याने गरिबीमुळे नियमाबाहेर घर घेतले, त्याला नियमात येण्यासाठी पुन्हा पैसे भरावे लागतात. दुसऱ्या बाजूचाही युक्तिवाद आहे आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही: ज्यांनी परवानगी घेऊन, रस्त्यासाठी व खुल्या जागेसाठी जमीन सोडून घर बांधले, त्यांच्यावर अन्याय होऊ नये, आणि मुदत दर वेळी पुढे सरकते असे दिसले, तर पुढचा तुकडे पाडणारा निर्धास्त होतो. परीक्षेत या प्रश्नाचे उत्तर लिहिताना दोन्ही बाजू मांडाव्यात.

कागदाचा हा प्रश्न अनुदानाशी जोडलेला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्या लाभार्थ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख रुपये मिळण्याची तरतूद होती. अट साधी दिसते: जागा स्वतःची असल्याचा पुरावा आणि मंजूर नकाशा. अनियमित गुंठेवारीत राहणाऱ्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. त्यामुळे ज्याच्या डोक्यावरचा पत्रा सर्वांत आधी बदलायला हवा, तोच रांगेच्या बाहेर राहतो. निवडणुकीत घरकुलाचे आश्वासन आणि गुंठेवारीचे आश्वासन वेगवेगळ्या परिच्छेदांत छापले जाते. प्रत्यक्षात दुसरे पूर्ण झाल्याशिवाय पहिले पूर्ण होत नाही.

७.५ कुंभारी : शहराबाहेरचे शहरवासी

सोलापूरच्या पूर्व भागातील पेठांमध्ये तेलुगू भाषक विणकर समाजाची दाट वस्ती आहे. या घरांतील हजारो स्त्रिया विडी वळतात. विडीचे काम बहुतांशी घरी चालते: कारखान्यातून पाने व तंबाखू आणायची, घरी पाने कातरायची, विड्या वळायच्या, जुड्या बांधायच्या आणि तयार माल कारखान्यात मोजून द्यायचा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. त्यामुळे या स्त्रीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाण असते. घराला खिडकी आहे की नाही, यावर तंबाखूची धूळ किती काळ खोलीत राहणार हे ठरते. घर कोठे आहे, यावर माल पोचवायला किती वेळ व पैसे जाणार हे ठरते. नगररचनेच्या नियमावलीत निवासी आणि औद्योगिक असे वापराचे विभाग पडतात. विडी कामगाराच्या आणि घरात माग चालवणाऱ्याच्या खोलीत मात्र हे दोन्ही विभाग एकाच सतरंजीवर असतात.

या स्त्रियांच्या घरांसाठी माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगार संघटनेने दीर्घकाळ लढा दिला. त्यातून दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. तिला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांचे नाव दिले आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाच्या लेखिका म्हणून मराठीच्या विद्यार्थ्यांना त्या परिचित आहेत. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहनसिंग यांच्या हस्ते ही वसाहत कामगारांना अर्पण झाली. त्यानंतर त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा ‘रे नगर’ प्रकल्प हाती घेण्यात आला. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्याच हस्ते पहिल्या पंधरा हजार घरांचे हस्तांतरण झाले. दोन भिन्न पक्षांचे पंतप्रधान, केंद्र व राज्य यांची अनुदाने आणि तिसऱ्याच विचारसरणीची संघटना अशी ही सांगड भारतात विरळ आहे.

आता नकाशा पाहा. कुंभारी महानगरपालिकेच्या हद्दीत नाही. शहरात जमीन महाग, म्हणून स्वस्त जमीन शहराबाहेर शोधावी लागली. तेव्हा जी स्त्री आयुष्यभर शहरात राबली, ती स्वतःच्या घरात राहायला गेली की ग्रामपंचायतीची रहिवासी होते. मतदार यादीतील नाव वास्तव्याच्या जागी नोंदवायचे असते. म्हणून तिचे मतही कालांतराने तिकडे जाते. तिची विडी शहरात मोजली जाते, तिचा बाजार शहरात, दवाखाना शहरात, मुलाचे महाविद्यालय शहरात. पण शहराच्या बस, बाजारपेठा आणि दवाखाने यांविषयी निर्णय घेणाऱ्या नगरसेवकाला निवडण्याचा वा पाडण्याचा अधिकार तिच्याकडे उरत नाही. घर मिळाले आणि शहराचे नागरिकत्व पातळ झाले. ज्या पक्षाने हा लढा उभारला, त्याला २०१७ च्या महानगरपालिका निवडणुकीत १०२ पैकी एकच जागा मिळाली, यामागे अनेक कारणे असतील. त्यांत हे एक असू शकते की कामाचे सर्वांत ठळक उदाहरण मतदारसंघाच्या सीमेपलीकडे उभे होते.

याचा अर्थ कुंभारीचे घर नाकारायला हवे होते असा मुळीच नाही. भाड्याच्या खोलीतून मालकीच्या पक्क्या घरात जाणे म्हणजे काय, हे भाडेकरूच जाणे. प्रश्न एवढाच आहे की हीच घरे शहराच्या विकास आराखड्यात, आरक्षित भूखंडांवर, कामाच्या जवळ का बसू शकली नाहीत? हा प्रश्न महानगरपालिकेच्या निवडणुकीत विचारण्याजोगा आहे, कारण आराखडा तिचा आहे.

७.६ जाहीरनाम्याची क्रियापदे

सोलापूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतरच्या मतदानासाठी १५ जानेवारी २०२६ उजाडावे लागले. त्या दिवशी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मधल्या जवळजवळ चार वर्षांत प्रशासकाने कारभार पाहिला, म्हणजे घर व जमीन यांविषयीच्या ठरावांवर चर्चा करायला लोकप्रतिनिधींचे सभागृहच नव्हते. अशा खंडानंतर आश्वासनांना अधिकच बहर येतो. पुढील तीन वाक्ये कोणत्याही पक्षाची नाहीत. अभ्यासासाठी नमुन्यादाखल तयार केली आहेत.

(अ) प्रत्येक गरीब कुटुंबाला हक्काचे घर मिळवून देऊ.
(आ) हद्दवाढ भागातील गुंठेवारी नियमित करण्यासाठी पाठपुरावा करू.
(इ) प्रभागातील दोन आरक्षित भूखंड पाच वर्षांत ताब्यात घेण्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करू.

पहिल्या वाक्यात ‘देऊ’ नाही, ‘मिळवून देऊ’ आहे. या संयुक्त क्रियापदात एक अदृश्य दाता लपलेला असतो: बोलणारा मध्यस्थ आहे, घर दुसराच कोणी देणार आहे. ‘हक्काचे’ हे विशेषण तर अधिकच विचार करायला लावणारे. हक्क असेल तर तो मिळवून देण्याची भाषा कशी? आणि उपकार असेल तर त्याला हक्क का म्हणावे?

दुसऱ्या वाक्यातील ‘पाठपुरावा’ हा शब्द प्रशासकीय मराठीत रुळलेला आणि सोयीचा आहे. पाठपुरावा कधी पूर्ण होत नाही, म्हणून तो कधी मोडतही नाही. शिवाय पाठपुरावा कोणाकडे, हे वाक्यात नाही. गुंठेवारीची अंतिम तारीख बदलायची असेल तर विधिमंडळाकडे जावे लागेल. पण दाखल झालेल्या अर्जांवर वेळेत निर्णय देणे हे महानगरपालिकेच्या स्वतःच्या कार्यालयाचे काम आहे. एकाच क्रियापदाने दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. याच आश्वासनाचे ‘गुंठेवारी नियमित करण्यात येईल’ असे रूप केले तर कर्ताच नाहीसा होतो. प्रयोगांचा अभ्यास करताना आपण कर्त्याचा लोप ही व्याकरणातील घटना म्हणून पाहिली होती. येथे ती जबाबदारीचा लोप म्हणूनही पाहावी.

तिसरे वाक्य रुक्ष आहे आणि सभेत त्याला टाळ्या पडणार नाहीत. परंतु त्यात संख्या आहे, मुदत आहे आणि क्रिया महानगरपालिकेच्या अधिकारातील आहे. पाच वर्षांनी अंदाजपत्रक उघडून ते तपासता येईल. तरीही एक उणीव राहतेच: कोणते दोन भूखंड?

सोलापुरात २६ प्रभाग असून त्यांतील २४ प्रभागांतून प्रत्येकी चार व दोन प्रभागांतून प्रत्येकी तीन सदस्य निवडले जातात. एका प्रभागाचे चार नगरसेवक असतात तेव्हा ‘करू’ या अनेकवचनातील ‘आम्ही’ नेमके कोण, हाही प्रश्न वाचकाने मनाशी विचारावा.

७.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बंधनकारक व स्वेच्छाधीन कर्तव्यांतील फरक सांगून, गरिबांसाठी घरे बांधणे कोणत्या प्रकारात येते ते लिहा. (५० शब्द)
२. ‘आरक्षण’ या शब्दाचे निवडणुकीतील व विकास आराखड्यातील अर्थ उदाहरणे देऊन स्पष्ट करा. (१०० शब्द)
३. गुंठेवारी नियमित करण्याच्या बाजूचे व विरोधातील युक्तिवाद मांडून आपले मत लिहा. (२५० शब्द)
४. ‘घर’, ‘घरकुल’, ‘सदनिका’ आणि ‘लाभार्थीचे घर’ या शब्दयोजनांमधील अर्थच्छटा स्पष्ट करा. यांपैकी कोणता शब्द आपण स्वतःच्या घरासाठी वापरता? (१५० शब्द)

क्षेत्रकार्य : आपण राहत असलेल्या शहराच्या विकास आराखड्याचा नकाशा नगररचना विभागात पाहण्यास मिळतो. आपल्या प्रभागाचा भाग पाहून त्यातील कोणतेही एक आरक्षण निवडा, त्याचा क्रमांक व प्रयोजन वहीत लिहून घ्या आणि प्रत्यक्ष त्या जागेवर जा. तेथे आज काय आहे, कोण राहते, किती वर्षांपासून राहते, हे त्यांच्याशी बोलून सुमारे तीनशे शब्दांत लिहा. आपण स्वतः गुंठेवारीतील वा आरक्षित जागेवरील घरात राहत असाल, तर स्वतःच्याच घरापासून सुरुवात करण्यास हरकत नाही. मात्र घराचा क्रमांक व कुटुंबीयांची नावे लिहू नयेत.